विशेष सर्वसाधारण सभा

आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या लेकीवर प्रेम न करणारा एकही माणूस नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाई एकतर्फी लिहिते. चारकोपला राहायला आलो तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती, आता तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलंय. कुणाचं कुरियर आलं की ती ते वर नेऊन देते. गणपतीत आरतीचं तबक तिच्याच हातात. आमचा सेक्रेटरी दर रक्षाबंधनाला तिच्याकडून राखी बांधून घेतो आणि तिला ड्रेस देतो, चांगल्यातला. तळमजल्यावरच्या मालवणी काकूंनी घावणे केले की पहिला हिच्या ताटात. प्रेमाची काही कमी नव्हती हो. प्रेमानंच आमची वाट लावली.

डॉक्टर म्हणतात, हिची समज सहा-सात वर्षांच्या पोरीएवढी. मी म्हणत नाही. सहा वर्षांची पोर कुकरच्या शिट्या मोजून गॅस बंद करत नाही, आणि आईचा चेहरा बघून पाणी आणून देत नाही. पण बाहेरच्या जगाला काहीतरी शब्द लागतो. ती लहान होती तेव्हा मतिमंद म्हणायचे, मग गतिमंद झाली, मग विशेष, आता दिव्यांग. प्रत्येक नव्या नावाबरोबर एक कार्यक्रम, एक गुच्छ, एक नवीन बोर्ड. आम्ही आपले तेच, त्याच सरकारी हॉस्पिटलच्या त्याच बाकड्यावर.

ती इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात कार्यशाळेला जाते. एक छोटी संस्था ती चालवते. औषधांच्या दुकानांसाठी कागदी पिशव्या करतात तिथे. तिच्या तीन मैत्रिणी तिथल्याच, तिच्याच वयाच्या. चौघी डबा एकत्र खातात, भांडतात, कट्टी घेतात, संध्याकाळपर्यंत बट्टी करतात. तुमच्या-माझ्या ऑफिसात याहून वेगळं काय चालतं?

हिचे बाबा गेले, आणि मग माझी अँजिओप्लास्टी झाली. हॉस्पिटलातून घरी आल्यावर मी छताकडे बघत पडून राहायचे आणि एकच विचार करायचे. मी गेले तर हिचं काय? आमच्या पालकांच्या ग्रुपमध्ये हा प्रश्न सगळ्यांचाच आहे, पण तोवर मी तो लोकांचा म्हणून ऐकत होते. आता तो माझ्या उशाशी येऊन बसला. मला दुसरं मूल नाही. गावच्या दिरांना फोन केला, तर त्यांनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, मग पावसाची, मग रेंज गेली.

मुरबाडच्या बाजूला एक निवासी संस्था आहे, ती बघून आले. भिंती स्वच्छ, भाज्या स्वतःच्या मळ्यातल्या. बायका एका लांबलचक खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळ्यांचे केस पोरांसारखे कापलेले. मी विचारलं, सगळ्यांचे का हो? तिथली बाई म्हणाली, "सोयीचं पडतं." कुणाच्या सोयीचं ते मी विचारलं नाही.

त्याच सुमाराला सरकारी हॉलमध्ये पालकांची सभा होती. एका मोठ्या साहेबांनी भाषण केलं. म्हणाले, संस्थांचे दिवस संपले, आता धोरण बदललंय. दिव्यांगांनी समाजात राहायचं, समाजाबरोबर. चार-पाच जणांनी साध्या वस्तीतल्या साध्या घरात, मदतीला एक ताई. ग्रुप होम म्हणतात त्याला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू? छातीत खरंच हलकं वाटलं. मग मी उठून विचारलं, "साहेब, हे घर कुठे आहे?" ते हसले. "ताई, जागा तेवढी तुम्ही बघा. बाकी आम्ही आहोतच."

तर मी जागा बघितली. लांब जायला नको होतं. आमच्याच बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा पडला होता. मालक बँकेतून रिटायर होऊन पुण्याला मुलाकडे गेलेले. मी फोन केला, ते लगेच तयार झाले. कार्यशाळेची संस्था भाडं भरायला तयार, ताई ठेवायला तयार. तिन्ही मैत्रिणींचे आईवडील तर रडलेच. आणि माझी लेक! तिनं एका दुपारी कुठला पलंग कुणाचा ते ठरवून टाकलं आणि खिडकीजवळचा स्वतःला घेतला. मला म्हणाली, "आई, तू वरनं खाली यायचंस हां. बेल वाजवायची. मी विचारणार, कोण आहे?" आयुष्यात पहिल्यांदा तिला तिचं स्वतःचं दार मिळणार होतं. मी वरच्या मजल्यावर असतानाच तिला खाली राहायची सवय झाली असती. मग एक दिवस मी वर नसते, तरी तिचं चाललं असतं. एवढंच मागणं होतं माझं. मला सुखानं मरायचं होतं.

घोडं अडलं ते मालकांच्या दुसऱ्या फोननं. "वहिनी, सोसायटीत एकदा विषय मांडा. सगळ्यांचं हो असलं की माझंही हो." मी वकिलाला विचारलं. तो म्हणाला, भाड्यानं द्यायला सोसायटी अडवू शकत नाही. कायद्यानं नाहीच अडवू शकत. पण मालकांना बिल्डिंगशी वाकडं नको होतं, रिडेव्हलपमेंटची बोलणी चालली होती. मीही म्हटलं, घेऊ दे सभा. माझी माणसं आहेत. नाही म्हणतील होय?

सेक्रेटरीनं बिल्डिंगच्या ग्रुपवर नोटीस टाकली: विशेष सर्वसाधारण सभा. मला तेव्हा हसू आलं होतं. विशेष म्हणजे आमची, सर्वसाधारण म्हणजे बाकीची.

रविवारी संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. लेक हट्टानं आली, नवा ड्रेस घालून. तिच्या घराची सभा होती ना! ती काकूंच्या शेजारी बसली, काकूंचा हात आपल्या मांडीवर घेऊन.

सेक्रेटरी छान बोलला. म्हणाला, विषय नाजूक आहे, सर्वांनी मोकळेपणानं बोलावं. मोकळेपणानं म्हणजे कसं, ते लगेच कळलं. प्रत्येक जण सुरुवात एकाच वाक्यानं करायचा: "आमचा विरोध नाही हो, पण..."

पण लहान मुलं घाबरतील. पण त्या ओरडल्या-बिरडल्या तर? पण गॅस उघडा राहिला तर? पण संस्था म्हणजे कमर्शियल वापर झाला ना? पण बिल्डर येतोय, तो काय म्हणेल? आयटीतली एक पोरगी उठली, गोड पोर आहे, दर वर्षी दिव्यांगांसाठी कंपनीच्या मॅरेथॉनमध्ये पळते. म्हणाली, "आंटी, मी शंभर टक्के इन्क्लूजनच्या बाजूची आहे. पण त्यांना प्रॉपर फॅसिलिटी हवी ना? ट्रेन्ड स्टाफ, ओपन स्पेस. इथे त्यांच्यावरच अन्याय होईल." मला मुरबाडची ती लांबलचक खोली आठवली. ओपन स्पेस होती खरी.

मी म्हटलं, "अहो, तिघी येणार आहेत. चौथी ही, तुमच्यासमोर बसलीय. हिनं आजवर कुणाला त्रास दिला?"

"हेची गोष्ट येगळी गो," काकू म्हणाल्या, आणि हिच्या गालावरून हात फिरवला. "ह्यां आपलां चेडू."

"आणि त्या पोरी कुणाच्या, काकू?"

काकूंनी कानावर पदर सारखा केला.

"एकटी असेल तर काय प्रश्नच नाही," सेक्रेटरी म्हणाला. "ताई, तिला आम्ही आहोत की. पण चौघी एकदम..." आणि त्यानं हात हवेत असे पसरले, की चार हत्तीच यायचेत. आज त्याच फ्लॅटमध्ये कॉल सेंटरची चार पोरं राहतात. रोज पहाटे दार आपटतं, जिन्यात सिगारेटची थोटकं. त्यांच्यासाठी सभा झाली नाही. चार हा आकडा तेव्हा कुणाला मोठा वाटला नाही.

मी विचारलं, "आम्ही आहोत म्हणजे काय रे? मी मेल्यावर हिला तू घरी नेणार आहेस?" त्याची बायको मोबाईल बघायला लागली. मग मी सगळ्यांनाच विचारलं, एकेकाकडे बघून. "तुम्ही नेणार? तुम्ही? लाडकी आहे ना?" माझा आवाज चढला होता, मला कळत होतं. कुणीतरी म्हणालं, "ताई, इमोशनल होऊ नका." शिरा पडो त्या तोंडावर. पोटच्या पोरीचं बोलताना इमोशनल नाही व्हायचं, तर काय पाण्याच्या टाकीचं बोलताना व्हायचं?

शेवटी पहिल्या मजल्यावरचे सर उठले. पालिकेच्या शाळेतून रिटायर झालेले, बोलतात कमी. त्यांचं घर या बिल्डिंगमधलं पहिलं आणि बरीच वर्षं एकुलतं एक बौद्ध घर. सर म्हणाले, "मघापासून तीन जणांनी 'सोसायटीचं वातावरण' असा शब्द वापरला. आम्ही इथे फ्लॅट घ्यायला आलो तेव्हाही हाच शब्द निघाला होता. तेव्हा जे बोलले ते परवा माझ्या नातवाच्या बारशाला जेवून गेले. मला एवढंच सांगायचंय." आणि ते खाली बसले.

क्षणभर मला वाटलं, झालं, पटलं. माणसं माना खाली घालून बसली होती. पण माणसाला लाज वाटली की तो मऊ होतोच असं नाही. चेअरमन, जे तोवर तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते, चिडून म्हणाले, "जातीचा विषय इथे आणायचं कारण नाही. मतदान घ्या आणि संपवा."

सेक्रेटरी उभा राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ज्यांचा विरोध आहे, त्यांनी हात वर करा."

आधी कुणीच केला नाही. मग चेअरमननी केला. मग त्यांच्या रांगेतल्या दोघांनी. मग ती आयटीतली पोर, डोळ्यांत पाणी आणून. डोळ्यांत पाणी आणि हात वर, दोन्ही एकदम करता येतं, हे मला त्या दिवशी समजलं. काकूंनी आपला हात हिच्या मांडीवरून हळूच सोडवून घेतला आणि वर केला, अगदी खांद्यापर्यंतच. सेक्रेटरीनं सगळ्यांत शेवटी केला.

माझ्या लेकीनं काकूंकडे बघितलं. आपल्या राखीच्या दादाकडे, सेक्रेटरीकडे बघितलं. मग चटकन तिचा हात वर गेला, सगळ्यांच्या वर, बोटं ताणून.

तिला हे मीच शिकवलंय. लहानपणापासून शिकवलंय. सगळे उभे राहिले की उभं राहायचं. सगळे टाळ्या वाजवतात तेव्हा वाजवायच्या. सगळे हसले की थोडं हसायचं. तुला कळलं नाही तरी चालेल, पण सगळे करतील तसं कर, म्हणजे तुला कोणी वेगळं काढणार नाही. साहेबांचं धोरण यायच्या कितीतरी आधीपासून मी हिला समाजात राहायला शिकवत होते.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. सर ताडकन म्हणाले, "तिचं मोजू नका."

"मोजत नाही हो, ती मेंबर थोडीच आहे," सेक्रेटरी म्हणाला. मग त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला, सुटका झाल्यासारखा. "पण बघा ना ताई, तिला तरी कुठे जायचंय इथून? तिला तुमच्याचकडे राहायचंय."

ती उठून माझ्याजवळ आली. हात अजून वरच होता. "आई, तू नाही केलास?" ती कुजबुजली, मी विसरले असेन आणि कोणी रागावेल म्हणून. "सगळ्यांनी केला. कर ना गं पटकन." आणि माझं मनगट धरून तिनं माझा हात वर उचलला.

मी हिसडा मारून सोडवून घेतला. जोरात, तिला लागलं असणार. मला तिचा राग आला होता, हो, तिचाच, कारण बाकीच्यांवर रागवायचं बळ संपलं होतं. ती घाबरून सगळ्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. "माझं चुकलं?"

"नाय गो बाय, तू शाणी आसस," काकू म्हणाल्या, आणि तिला जवळ ओढून घेतलं. सेक्रेटरीच्या बायकोनं सभेसाठी आणलेलं समोशांचं खोकं उघडलं. पहिला समोसा तिला दिला.