देव्हाऱ्याजवळची सुपारी

भडगावच्या आमच्या घरात अडकित्ता माझ्या ताब्यात असायचा. आजोबांना, म्हणजे आबांना, जेवणानंतर सुपारी लागायची आणि त्यांचे हात थरथरायला लागले होते. अडकित्ता पितळी, मुठीवर दोन मोर, त्यातल्या एकाची चोच मोडलेली. "बारीक कर. तीनच दात शेतस मना," असं आबा रोज सांगायचे. मी पोह्यासारखी पातळ सुपारी कातरायला शिकले. गप्पा मारताना, अभ्यास करताना, हात आपोआप चालायचा.

मी जळगावला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा मला पटला होता. पण त्यांना लग्न माघात हवं होतं आणि माझी परीक्षा एप्रिलमध्ये. माघात लग्न म्हणजे परीक्षा बुडाली, हे मी दोन-तीन मैत्रिणींच्या बाबतीत पाहिलं होतं. वडील म्हणाले, "सुपारी फुटायच्या आधी मी तारखेचं बोलतो." आमच्याकडे बोलणी ठरली की दोन्हीकडचे वडीलधारे मिळून एक सुपारी फोडतात. ती फुटेपर्यंत काहीही मागता येतं. फुटल्यावर नवीन अट घालणं म्हणजे शब्द फिरवणं.

मंडळी आली, चहा झाला. मुलाचे आजोबा, सगळे त्यांना नाना म्हणत, पानाची चंची उलटी करून म्हणाले, "आमची संपली. थोडी सुपारी मिळंल का?"

आमच्या डब्यातही नुसता चुरा होता. मी आत आले, देव्हाऱ्याजवळ वाटीत एक अख्खी सुपारी दिसली, ती उचलली आणि तिथेच दारात बसून कातरली. आई चुलीपासून वळली.

"कुठली घेतलीस?"

"देव्हाऱ्याजवळची."

"अगं, ती मानाची होती."

दार उघडंच होतं. बाहेर सगळं ऐकू गेलं. मग नाना हसले. "पोरनीच फोडी टाकी. आते बठ्ठं ठरी गयं."

सगळं ठरलंच म्हटल्यावर बाकीचेही हसले, वडील सोडून. आता ते तारखेचं काढणार नाहीत हे मला त्यांच्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं. मी सुपारी ताटलीत घेतली, बाहेर जाऊन नानांसमोर ठेवली.

"नाना, चूक माझी झाली. पण फोडली मी, तर राहिलेलं पण मीच सांगते. परीक्षा एप्रिलात आहे. लग्न त्यानंतर."

माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी पदर नीट केला. नानांनी एक चकती उचलली, उजेडात धरली, तोंडात टाकली. बराच वेळ चघळत राहिले.

"इतकी बारीक तं आमना घरमा कोणी करत नही," ते म्हणाले. "परीक्षा दे. तवलगून आम्ही थांबसूत."

परीक्षा झाली, मे महिन्यात लग्न झालं. त्या पदवीवर मी शाळेत नोकरी केली, अजून करते. अडकित्ता आबांनी माझ्यासोबत धुळ्याला पाठवला आणि स्वतः खलबत्त्यावर भागवलं. नाना होते तोवर त्यांची सुपारी मीच कातरली. आता घरात कोणी खात नाही. अडकित्ता स्वयंपाकघरात असतो, मी त्याने खारका फोडते. धार अजून चांगली आहे.