दहीभाताखालचा मोबाइल

ज्या बाईंपासून मोबाइल लपवायचा होता, त्यांनाच तो कसा लपवायचा हे मी फोनवर नीट समजावून सांगितलं. तेही मराठीत, आणि तेही तंजावूरमध्ये.

इनकमिंग फुकट झालं तेव्हाची ही गोष्ट. आमच्या विमा कचेरीत एकेकाच्या शर्टाच्या खिशात मोबाइल दिसायला लागला, तसा माझ्याही खिशात आला. शर्ट त्या बाजूला ओढला जाई, पण ते वजन मला आवडे. अडचण एवढीच की इनकमिंग फुकट झालं तरी मला इनकमिंग येईचना. कचेरीतली मंडळी समोरच बसलेली. बायको म्हणे, "संध्याकाळी घरीच येणार की, तेव्हा सांगते." मग मी कधीकधी कचेरीच्या फोनवरून माझाच नंबर फिरवी, आणि खिशात वाजलं की "कोण आहे बुवा आता" असा चेहरा करी.

मुलगी तेव्हा नववीत होती, आणि त्या वर्षी शाळेची लीडर. छातीवर पितळी बिल्ला. मुलींच्या दप्तरांतून वॉकमन, टिकटिकणारे व्हिडिओ गेम आणि आता मोबाइलही यायला लागले होते, आणि वर्गात शिरण्याआधी ते गोळा करण्याचं काम लीडरकडे. नियम कडक नव्हता. आणायचा तर आणा, सकाळी ऑफिसात द्या, संध्याकाळी परत घ्या. लपवून आणलेला सापडला तर मात्र सहामाही परीक्षा संपेपर्यंत शाळेच्या कपाटात. आणि लपवणारी लीडर किंवा मॉनिटर असेल तर तिचा बिल्लाही गेला. हा शेवटचा भाग आमच्या कन्येनेच सुचवलेला. तिची आई म्हणते, हा स्वभाव तुमच्याकडून आलेला नाही. मलाही ते पटतं.

तर एका संध्याकाळी शाळेच्या पुढच्या गेटापाशी मी स्कूटर घेऊन ताटकळलो आणि ती मागच्या गेटापाशी. मी चिडून घरी आलो तर ही टाउन बसने येऊन इडली खात बसलेली. मला कारण मिळालं.

"उद्यापासून माझा मोबाइल तू ने," मी म्हणालो.

"नेते. सकाळी ऑफिसात देईन."

"ऑफिसात दिलास तर मला फोन कशावरून करणार?"

"ऑफिसात फोन आहे, अप्पा."

या घरात कोणाला माझी काळजी कळत नाही असं म्हणून मी विषय सोडला. म्हणजे तोंडाने सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेणी घालत होती तेव्हा तिच्या टिफिनच्या कूडैत, म्हणजे प्लास्टिकच्या वायरने विणलेल्या टोपलीत, दहीभाताच्या डब्याखाली मी मोबाइल सारून दिला. विचार असा, की दुपारी डबा उघडताना सापडेल, आणि एकदा सापडला की वापरेल.

पण दुपारपर्यंत धीर कोणाला? डब्याखालून वाजलेला ऐकू येतो की नाही ही शंका कचेरीत मला छळायला लागली. दहा-साडेदहाला मी फोन फिरवला.

इथे एक सांगायला हवं. आम्ही तंजावूरचे मराठी. बाहेर तमिळ, कचेरीत इंग्रजी, घरात आमची मराठी. नोकरीपायी काही वर्षं पुण्यात काढली म्हणून मी हे असं लिहू तरी शकतो. पण घरात आम्ही अजून 'मला', 'तुला' म्हणत नाही, 'मज', 'तुज' म्हणतो. पुण्याच्या खानावळीत पहिल्या दिवशी "मज भात नको" म्हणालो, तर वाढपी भांडं घेऊन तसाच उभा राहिला. त्याला वाटलं, मी अभंग सुरू करतोय. या भाषेचा आम्हाला मोठा फायदा म्हणजे चारचौघांत गुपित बोलता येतं. साडीवाल्याच्या समोर बसून "हिचा रंग जाईल, उठ" असं बायकोला सांगायचं आणि त्याच्याकडे बघून गोड हसायचं. आसपास कोणाला कळत नाही, हे आम्ही गृहीतच धरलेलं. शाळेत तर मराठी येणारं माणूस एकच, माझी मुलगी. असा माझा समज.

बराच वेळ वाजल्यावर फोन उचलला गेला.

"अगे, मी," मी म्हणालो.

पलीकडून हळू आवाजात, "हं. सांगा."

मराठीत उत्तर आलं म्हणजे मुलगीच. आणखी कोण असणार?

"वाजलेला ऐकू आला ना? बरं झालं. तुज न सांगता ठेवला, रागावू नको. वेणी घालत होतीस तेव्हा दहीभाताच्या डब्याखाली सारला."

"मग?"

"मग काय, परत तिथेच ठेव. वर नॅपकिन घाल. आणि त्या कषायमच्या नजरेस पडू देऊ नको."

"कषायम कोण?"

हिला माहीत असून विचारतेय, म्हणजे जवळ मैत्रिणी असणार, असं मी ठरवलं आणि उलट जास्त खुलून सांगितलं. "ती गे, तुझी हेडमिस्ट्रेस. प्रार्थनेला उभी राहिली की वाटतं, सर्दीचा काढा घेऊन आलीये आणि आता रांगेतल्या एकेकीला चमचा पाजणार."

"आणि सापडला तर?"

"तर सांग, आमच्या अप्पांचं डोकं ठिकाणावर नसतं, चुकून पडला असेल. तिला काय कळतंय!"

"बरं," आवाज म्हणाला, आणि फोन बंद झाला.

मी समाधानाने फायली ओढल्या. थोड्याच वेळात शिपाई आला, "सार, मुलीच्या शाळेतून फोन. लगेच या म्हणतात."

हेडमिस्ट्रेसच्या खोलीत शिरलो तर मुलगी भिंतीशी उभी. टेबलावर माझा मोबाइल, त्याच्या शेजारी तिचा बिल्ला. फ्रॉकवर जिथे तो रोज असे, तिथे पिनेची दोन भोकं दिसत होती.

"बिल्ला का काढलास?" मी आमच्या मराठीत पुटपुटलो. समोर बाई बसलेल्या, पण त्यांना काय कळणार!

ती शिस्तीत तमिळमध्ये बोलली. "माझ्या कूडैत सापडला. व्हरांड्यात सगळ्या कूडै रांगेने ठेवलेल्या, त्यात म्हणे माझीच ओरडत होती. दुसरीची असती तर तिचा बिल्ला मीच घेतला असता."

"अगे, पण सांग ना, फोनवर सांगितलं तसं. चुकून पडला म्हणून."

"कुठल्या फोनवर?" तिने मान वर केली. "मी वर्गात होते."

मी मोबाइलकडे बघितलं.

"हिला नाही सांगितलंत," बाई म्हणाल्या. "मज सांगितलंत."

मज! त्या एका शब्दाने मी खुर्ची न शोधताच बसायला गेलो. नशीब, खुर्ची होती.

बाईंचं नाव मी शाळेच्या फलकावर रोज वाचत होतो. पण आमच्याकडे नावाला आडनाव लावत नाहीत, पुढे एक इंग्रजी अक्षर असतं, आणि त्या अक्षराच्या मागे कोण बसलंय ते बाहेरून कळत नाही. माहेर जवळच्या ओरत्तनाडुचं, आमच्यासारखंच मराठी, सासर तमिळ, असं त्यांनीच सांगितलं.

"मग फोनवरच का नाही सांगितलंत?" मी विचारलं. चोराने पोलिसाला जाब विचारावा तसं.

"व्हरांड्यातून जाताना उचलला, तेव्हा सांगणारच होते. पण तुम्ही 'अगे' म्हणालात." त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उगीच इकडचा तिकडे केला. "अम्मा गेल्यावर मज कोणी अगे म्हटलं नव्हतं. म्हटलं, जरा ऐकू. तर तुम्ही कषायमवर आलात."

मुलीने डोळे मिटून घेतले. कषायम, म्हणजे काढा, हे नाव घरातलं होतं, आणि ते मी ठेवलेलं, हे तिला माहीत होतं.

"माझं काय करायचं ते करा," मी म्हणालो, "पण तिचा बिल्ला..."

बाई मुलीकडे वळल्या. "तुज माहीत होतं?"

"नाही, मॅडम. पण सगळ्या मुली माहीत नव्हतं असंच सांगतात. मी त्यांचं ऐकत नाही."

"त्यांच्या वडिलांचे मज फोन येत नाहीत." बाईंनी बोटाने बिल्ला तिच्याकडे सरकवला. "तुज न सांगता, वेणी घालत होतीस तेव्हा, दहीभाताच्या डब्याखाली. एवढी चोख साक्ष मी अजून ऐकलेली नाही. लपवला कोणी ते ठरलंय. लाव तो."

तिने बिल्ला उचलला, पण लगेच लावला नाही. आधी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली तेव्हा कुठे लावला. माझ्या बडबडीचा कोणाला उपयोग झाल्याचा प्रसंग मला दुसरा आठवत नाही.

"आता एक सांगा," बाई मला म्हणाल्या. "फोन हिच्याकडे. संध्याकाळी तुम्ही स्कूटरवर. हिने तुम्हाला फोन केला असता कुठे?"

माझा हात रिकाम्या खिशाकडे गेला. घरात मोबाइल एकच होता, आणि तो दहीभाताखाली.

"मागच्या गेटाजवळ करंजाचं झाड आहे," बाई म्हणाल्या. "रोज त्याच्याखाली उभे राहा. संपलं."

मग मोबाइल कपाटात गेला. माझ्या मुलीनेच ठेवला आणि किल्ली बाईंच्या हातात दिली. तिला जरा वाईट वाटेल अशी माझी आशा होती. तेवढ्यात शिपायाने कॉफी आणली.

"घ्या," बाई म्हणाल्या. "कषायम नाही."

मी पहिला घोट घेतला आणि कपाटाच्या आत मोबाइल वाजायला लागला. मी केलेला नव्हता, मी तर इथे होतो. म्हणजे खरंखुरं इनकमिंग, माझ्या आयुष्यातलं पहिलं! मी अर्धा उठलो. बाई आणि मुलगी दोघीही तमिळमध्ये एकदमच म्हणाल्या, "वाजू दे."

संध्याकाळी मी करंजाखाली वेळेच्या कितीतरी आधी उभा होतो. मुलगी कूडै मांडीवर घेऊन मागे बसली. दारात स्कूटर लावताना तिला हसू आवरेना. "नॅपकिन घाल म्हणे!" एवढं म्हणून आत पळाली, आणि बायकोला सगळं तिच्याकडूनच कळलं.

कपाटात वाजला तो फोन बायकोने केलेला. येताना कढीपत्ता आणा, एवढं सांगायला तिने पहिल्यांदाच माझा नंबर फिरवला होता. मी कढीपत्ता आणला नव्हता. तिने फोडणी तशीच दिली, ताट वाढलं, आणि आमटी वाढताना म्हणाली, "पोटच्या मुलीचा आवाज ओळखू येत नाही, आणि तिला फोन द्यायला निघाले! राहू दे तो तिथेच. तोवर रोज जेवताना तिच्याशी बोला. आवाज ओळखीचा झाला की मग बघू."