अक्कानं बदललेले शेवट

थोरल्या बहिणीला मी अक्का म्हणत असे. सोलापुरातल्या एका गिरणीत, सुताच्या लडी करतात त्या खात्यात ती कामाला होती. तिच्या मजुरीवर मी शिकलो, मास्तर झालो. वाचायला मात्र ती माझ्याकडून शिकली. नव्या पेठेतल्या वाचनालयातून मी तिला कादंबऱ्या आणून देई. तिला एकाच तऱ्हेच्या लागत. श्रीमंत मालक, त्याच्याकडे कामाला असलेली गरीब मुलगी, आणि शेवटी दोघांचं लग्न. मला तिच्या आवडीचं हसू येई. दुपारच्या सुट्टीत ती त्या खात्यातल्या बायकांना वाचून दाखवी.

चार दिवसांच्या तापात ती गेली. दहावं झाल्यावर खात्यातल्या दोघी भेटायला आल्या. एक म्हातारी, एक सतरा-अठरा वर्षांची. रडणं झालं. मग धाकटीनं भीतभीत विचारलं, "मास्तर, अक्काचं पुस्तक अर्धंच राहिलं की. त्या मालकानं पुढं काय केलं?"

मला भरून आलं. पुस्तक काढून मी शेवटचं प्रकरण वाचलं. मालक मुलीच्या झोपडीत येतो, तिच्या आईची क्षमा मागतो आणि मुलीला मागणी घालतो.

"लगीन केलं?" म्हातारी चमकून म्हणाली. "अक्काच्या एका बी पुस्तकात मालकानं लगीन केलं न्हाय. समदे फसवत्यात."

"तसंच छापलंय, मास्तर?" धाकटीनं विचारलं.

"हो. या सगळ्या पुस्तकांत लग्नच होतं," मी सांगून बसलो.

तिचा चेहरा उजळला. "येते," म्हणून ती लगबगीनं गेलीच.

म्हातारीनं कपाळावर हात मारला. "काय केलंसा ओ हे! खात्याचा सायेब लग्नाचं बोलून तिला बंगल्यावर बोलावतोय. अक्कानं पुस्तकं वाचून वाचून तिला धरून ठिवली हुती."

आणलेलं प्रत्येक पुस्तक मी आधी वाचलेलं होतं, आणि अक्का खात्यात काय वाचते हे मला कधी कळलं नव्हतं. अनवाणीच धावत सुटलो. बोळाच्या तोंडाशी ती सापडली.

"मी चुकीचं वाचलं," मी म्हणालो. "तो फसवतो तिला."

ती मायेनं हसली. "शिकलेला मानूस चुकीचं कसं वाचंल, मास्तर? तुमी दुःखात हाय. घरला जावा."

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही.