सासूबाईंचं मशीन

लग्न व्हायच्या आधीच ऑफिसात तिचं नाव पडलं होतं, सासूबाई. कंपनीच्या सर्व्हरांत खोट काढणं हेच तिचं पोटापाण्याचं काम. पासवर्ड किती लांब हवा, कोणत्या सेवा बंद हव्यात, असे दोनशे चौदा नियम तोंडपाठ. एक जरी मोडला तरी सर्व्हरच्या नावापुढे लाल खूण, आणि लाल मशीन त्याच दिवशी नेटवर्कबाहेर. विनवण्या, रडगाणी, काही चालायचं नाही. बॅकअप सांभाळणाऱ्या बापड्याला तर नऊ खुणांपायी तिने रडकुंडीला आणलं होतं.

यंदा सगळं हिरवंगार होतं. शंभर टक्क्यांचा अहवाल उद्या गेला की विभागप्रमुखाची खुर्ची तिची. साहेबांनी तसा शब्दच दिला होता. फक्त मशीनं मोजायची राहिली होती. यादीत तीनशे अकरा, खोलीत तीनशे बारा. तिने तीनदा मोजली. जास्तीचं मशीन तिचंच निघालं. तपासणी चालायची त्याच्यावरून, यादीही तेच बनवायचं, आणि अकरा वर्षं ते स्वतःला सोडून बाकीच्यांना मोजत होतं. तिने त्यालाच नियम लावून पाहिले. सतरा लाल खुणा!

तिने नवऱ्याला फोन लावला.

"अहो, माझंच मशीन नापास झालंय."

"अरे वा! मला वाटायचं, तुझ्याकडे फक्त मीच नापास होतो."

"थट्टा नको. गुपचूप दुरुस्त केलं तर कोणाला कळणारसुद्धा नाही."

"मग कर की. मला कशाला विचारतेस?"

तिने फोन ठेवला. खुर्ची तिला अगदी मनापासून हवी होती. लाजही वाटत होती, आणि त्या लाजेचा भयंकर राग येत होता. शेवटी चरफडतच तिने आपल्या मशीनची नेटवर्कची केबल उपटली आणि सतरा चुकांची यादी सगळ्यांना पाठवली. अहवाल रखडला. साहेब म्हणाले, "खुर्चीचं आता पुढच्या वर्षी बघू."

दुपारी बॅकअपवाला खुर्ची ओढून शेजारी बसला.

"आपलं आपण तपासायचं नसतं, बाई. सरका."

त्याने सावकाश, चवीचवीने एकेक नियम वाचला. सासूबाई दातओठ खात बसल्या.

"सतरा नाहीत," तो म्हणाला. "अठरा आहेत. घड्याळ चार मिनिटं मागे आहे."

तिने पुन्हा पाहिलं. खरंच मागे होतं. मग पेन उघडून तिने यादीत अठरावी ओळ लिहिली, आणि तपासनिसाच्या रकान्यात त्याचं नाव घातलं.