लाल गाडीचा ब्रेक आणि माझा पाय

सांगू की नको, असं करता करता अठरा वर्षं गेली. नवऱ्याला सांगितलं नाही, लेकाला नाही. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गणपतीसमोर उभी राहिले, तेव्हाही नाही — देवाला सगळं ठाऊक असतं, मग आपण कशाला तोंड उघडा? अशी माझी सोयीची भक्ती. गेल्या महिन्यात पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि तेही सगळं नाही. राहिलेलं आज लिहितेय. तुम्ही माझे कोण? कुणी नाही. म्हणून तर बरं.

आधी गाडीचं सांगते. माझं सांगायची वेळ आली की मी आधी दुसऱ्याचं सांगते, ही खोड जुनी.

आमच्या मालकांनी — म्हणजे माझ्या नवऱ्याने — पुण्याहून एक जुनी लाल गाडी आणली होती. जपानी, दोनच सीटा, छप्पर कापडी, मागे सारता येणारं. बुटकी तर इतकी की आत बसायचं म्हणजे पंगतीत मांडी घालून बसल्यासारखं. म्हैस आडवी आली तर काचेतून नुसतं तिचं पोट दिसायचं. गावाने तिचं नाव ठेवलं बेडकी. मालकांना राग यायचा. मला? मला ती इतकी आवडायची की पुण्याहून आल्या दिवशीच मी किल्ली मागून घेतली.

कारण मला गाडी यायची ना! माहेर माझं आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावच्या बाजूचं. तिथे वडिलांच्या जीपवर मी शिकले. त्या जीपचा ब्रेक एका दाबात लागायचाच नाही. दाब-सोड, दाब-सोड करत थांबवायची. पायाला तीच सवय. आणि डोक्यात हवा — अख्ख्या पिंपळवंडीत जीप चालवणारी सून मीच. वय एकोणपन्नास, अक्कल एकोणीसची. त्या बाईचा फोटो आहे माझ्याकडे, काळा गॉगल लावून बेडकीला टेकलेली. बघितला की हसू येतं. नंतर येत नाही.

तर त्या गाडीला एबीएस होतं. आता पोराटोरांना ठाऊक असतं, तेव्हा आमच्याकडे कुणाला? जोरात ब्रेक मारला की चाकं जाम होतात आणि गाडी घसरत जाते. तसं होऊ नये म्हणून ते यंत्र आपलं आपणच ब्रेक धरतं-सोडतं, धरतं-सोडतं — डोळ्याचं पातं लवेपर्यंत किती वेळा तरी. त्या वेळी पायाखालचं पॅडल थडथडतं. थडथडू द्यायचं. पाय घट्ट दाबून ठेवायचा. बस, एवढंच.

हे मला कुणी सांगितलं? गेनूभाऊंनी. ओतूरला त्यांचं गॅरेज. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती, भाऊ अजून राखतो. हा एकटा इंजिनांच्या नादी लागलेला. एबीएसचा दिवा लागायला लागला तेव्हा तालुक्यात कुणी हात लावेना. यांनी कुठून कुठून माहिती काढून, चार दिवस गाडीखाली पडून ते नीट केलं. किल्ली देताना म्हणाले, "वहिनी, पायाखाली पॅडल थरथरलं तरी पाय उचलायचा न्हाई बरं का."

मी काय म्हणाले असेन? "बरं बरं." आणि गॉगल लावला.

पुढचं सरळ लिहून टाकते, नाहीतर पुन्हा फिरत बसेन.

त्याच आठवड्यात, गावाच्या अलीकडच्या वळणावर, ओल्या रानातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर चिखल आणला होता. एक ट्रॉली अचानक आडवी आली. मी ब्रेक मारला. आणि पॅडल माझ्या पायाला खालून लाथा घालायला लागलं — थडथडथड — देवीचं वारं अंगात यावं तसं. मला वाटलं, तुटलं काहीतरी. आणि मी पाय उचलला. जीपची सवय — दाब-सोड. दाबला, सोडला, पुन्हा दाबेपर्यंत ट्रॉली तोंडावर. मी चाक वळवलं आणि बेडकी मोरीच्या कठड्यावर. मला खरचटलंही नाही. शेजारी मालक बसलेले. त्यांचं खांद्याचं हाड मोडलं.

माणसं धावत आली. आणि माझ्या तोंडून निघालं — अजून कुणी काही विचारलंही नव्हतं — "ब्रेक लागलाच नाही!"

एवढंच वाक्य. घाबरून बोलले असं म्हणता येईल. पण दुसऱ्या दिवशी कुठे घाबरले होते?

गेनूभाऊ आले, गाडी उचलून सगळं तपासलं. सगळं नीट होतं. तसं ते म्हणालेही, हळू आवाजात. मी दारात उभी राहून विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलते?" आता सांगा, आमच्यासारख्या जमिनीवाल्यांच्या दारात उभं राहून, पाटलाच्या सुनेला, "हो, तुम्ही खोटं बोलता" असं कोण म्हणेल? त्यांनी आपल्या तळहाताकडे बघितलं आणि गेले. आणि संध्याकाळी भेटायला आलेल्या बायकांना चहा देताना मी म्हणाले, "मेंढरांमागं फिरणाऱ्याच्या हातात गाडी दिली, आमचंच चुकलं."

ते वाक्य चहाच्या कपाआधी गावभर फिरलं. गेनूभाऊंकडची गिऱ्हाइकं तुटली. कितीतरी दिवस त्यांनी नुसत्या ट्रॅक्टरच्या पंक्चरी काढल्या. मालक शेवटपर्यंत थंडीत खांदा चोळत त्यांचंच नाव घ्यायचे. मी तेल गरम करून द्यायचे. गप्प.

आणि जे गेल्या महिन्यातही बोलले नाही ते हे — मला मजा आली होती. लोक म्हणायचे, ब्रेक नसताना बाईने गाडी सांभाळली, पुरुष असता तर गेलेच होते दोघं. मी मान डोलवायचे. माझ्या चुकीचा मला सत्कार मिळत होता आणि मी तो पदर सावरून घेत होते.

मालक जाऊन चार वर्षं झाली. बेडकी कांद्याच्या चाळीशेजारी ताडपत्रीखाली. तिला बाहेर काढली माझ्या नातीने, तनूने. मुलगी हट्टाला माझ्यावर गेलीय, अकलेला नाही, देवाची कृपा. तिला कल्याणला नोकरी लागली. दर आठवड्याला माळशेज घाटातून ये-जा करणार, आणि तीही याच गाडीतून! इंजिन सुरू झालं, पण समोर तो पिवळा दिवा — एबीएसचा. नवीन भाग मिळत नाहीत. तेव्हा दोनच रस्ते: एकतर धडपड करून नीट करायचं, नाहीतर ते यंत्रच काढून टाकायचं आणि ब्रेकच्या नळ्या सरळ जोडायच्या.

ही गाडी ठाऊक असलेला माणूस एकच. तनू मला घेऊन ओतूरला गेली, तिला एवढंच ठाऊक की तेव्हा ब्रेक लागला नव्हता. एस.टी. स्टँडच्या पुढे त्यांची शेड आहे. मी अठरा वर्षं त्या रस्त्याने जाताना बाजारपेठेकडे तोंड फिरवायचे. गेनूभाऊंचे केस पांढरे झालेले. त्यांनी दिवा बघितला आणि तनूला म्हणाले, "काढून टाकू, ताई. दुरुस्तीला मी त्याला हात लावत न्हाई. कुणाच्याच गाडीत न्हाई."

तनू लगेच तयार. "मी वाचलंय काका, जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचं लोक काढूनच टाकतात. गाडी हलकी होते, ब्रेकचा अंदाज पण पायाला चांगला येतो." आणि माझ्याकडे वळून हसत, "नाहीतरी आजी, तुला तरी त्यानं कुठं वाचवलं?"

गेनूभाऊ म्हणाले, "तेच की. त्या वक्ताला मी सगळं चार चार डाव बघितलं, मला कायबी दिसलं न्हाई. जे दिसत न्हाई तेच माणसाला मारतं. तवापासून परत्येक गाडीचं ब्रेक मी दोनदा बघतो." आणि पाना उचलला.

मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. समोर माझं खोटं उभं होतं, चांगलं अठरा वर्षांचं, मिसरूड फुटलेलं — आणि ते आता माझ्या नातीला एबीएसशिवाय ओल्या घाटात पाठवायला निघालं होतं. गप्प राहिले असते तर? सोपं होतं. मला सवय होती.

"थांबा," मी म्हणाले. "ते चाललं होतं. तुमचं काम चोख होतं. पॅडल थडथडलं, मी घाबरून पाय उचलला. आणि सगळं तुमच्या माथी मारलं." थांबावंसं वाटलं, पण पुढे बोलले, "मेंढरांचं जे म्हटलं गेलं, तेही माझंच."

तनू माझ्याकडे बघतच राहिली. गेनूभाऊंनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले —

"मेंढरांचं म्हाईत व्हतं, वहिनी. पायाचं म्हाईत नव्हतं."

आणि उठून नळावर गेले. हात धुवायला लागले, धूतच राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, घेऊन जा ती गाडी. परत आले ते तनूशी बोलले, माझ्याशी नाही. "हे ठिवायचं. काढायचं न्हाई. गाडी वर घ्या."

मागच्या उजव्या चाकाजवळचं दातेरी कडं गंजून तडकलं होतं. त्याच्या दात्यांवरून यंत्राला चाकाचा वेग कळतो. बाकी सगळं शाबूत. जुन्या बाजारातून तसंच कडं मिळवून त्यांनी बसवलं, आतला पंप साफ केला. दिवा विझला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी हक्काने बघू शकत नव्हते, पण बघितलं.

चाचणी कोण घेणार? मी. तनू नको म्हणाली. मी म्हटलं, तू सरक.

बाजारामागच्या मोकळ्या रस्त्यावर गेनूभाऊंनी दोन घमेली गाळ पसरला, वर पाणी मारलं. मधोमध जुना टायर ठेवला. बघता बघता माणसं जमली. "आज्जी रेस लावतीय राव!" एक जण ओरडला, "आज्जी, गणपतीचं नाव घ्या!" मी म्हटलं, "तू घे, टायरच्या पलीकडे तूच उभा आहेस."

साठपर्यंत नेली. गाळावर पोचले आणि मारला ब्रेक, सगळं वजन घालून. थडथडथडथड! तीच लाथ, तोच थरकाप, दातांपर्यंत. अंगातली जुनी बाई किंचाळली, उचल पाय! गप बस म्हटलं तिला. पाय तसाच. आणि चाक हलकेच वळवलं तर बेडकी अशी ऐकली, अशी ऐकली — टायरला वळसा घालून, सरळ, शहाण्यासारखी थांबली. मागून शिट्ट्या, टाळ्या. सदुसष्टाव्या वर्षी मी गाडीतून उतरले ते मैदान मारल्यासारखी, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. दोन्ही हात वर केले. का नाही करायचे?

गेनूभाऊ टाळ्या वाजवत नव्हते. ते रस्त्यावर उकिडवे बसून गाळातल्या चाकांच्या खुणा बघत होते. घसरल्याची एकही रेघ नव्हती. नुसती फिरत्या चाकांची नक्षी, शेवटपर्यंत. जमलेल्यांत आमच्या गावचे चौघं होते, त्या वेळचे, माझं ‘ब्रेक लागलाच नाही’ ऐकलेले.

गेनूभाऊंनी मान वर न करता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "त्या दिशी बी हे असंच चाललं व्हतं, न्हाई का?"

"असंच," मी मोठ्यांदा म्हणाले. "पाय मी उचलला."