जयतीर्थरावांची लांब लेन्स

हंबीररावांनी आपल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात काउंटरवर हिरवं कापड अंथरलं होतं आणि त्यावर दोन लेन्स उभ्या होत्या, पडदा वर जाताच दिसणाऱ्या दोन नायिकांसारख्या. एक धाकटी, बुटकी, मुठीत मावणारी. दुसरी वीतभर लांब, काळी, भरल्या तांब्याएवढी जड. समोरच्या स्टुलावर जयतीर्थराव बसले होते, आणि तासाभरात त्यांनी दोन्ही चारचारदा उचलून ठेवल्या होत्या.

साल १९६७, दसरा तोंडावर आलेला. परदेशी माल उघडपणे मिळण्याचे ते दिवस नव्हते. कुणी इंजिनिअर जपानहून नाहीतर जर्मनीहून परतायचा, वर्षभरात त्याचा फोटोंचा शौक ओसरायचा, आणि मग त्याचं सामान हंबीररावांच्या काचेच्या कपाटात येऊन बसायचं. या दोन्ही झूम लेन्स तशाच आलेल्या. कडं फिरवलं की लांबचं जवळ येतं, भिंग बदलावं लागत नाही, ही गोष्ट तेव्हा बेंगळुरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लोकांनी पाहिली होती.

जयतीर्थराव विमानांच्या कारखान्यात नकाशे काढत. पेन्सिलीला टोक करताना श्वास रोखून धरणारा माणूस. बसवनगुडीत घर, पत्नी वसुमती, दोन मुली आणि थोरली बहीण सत्यवतीअक्का. शेजारचे गुंडूराव दरवर्षी दसऱ्याला आपल्या मराठी मंडळींची बस काढून कुठल्यातरी क्षेत्राला नेत, आणि त्या यात्रेचे फोटो काढण्याचा मान जयतीर्थरावांकडे असे. पैसे नाहीत, नुसता मान. पण त्या मानावर हा मुखदुर्बळ माणूस वर्षभर ताठ चालायचा.

त्यांचं दुखणं वेगळंच होतं. कॅमेरा वर केला की बायका म्हणत, "स्वल्प थांबा, अण्णा," आणि पदर सारखे करत. पुरुष बटणं लावत. मग सगळे असे उभे राहत, जणू कोर्टात साक्षीला बोलावलंय. नटाचा खरा चेहरा विंगेत दिसतो, रंगमंचावर नाही. जयतीर्थरावांना विंगेतले चेहरे हवे होते. शिवाय अनोळखी माणसाला 'तुमचा फोटो काढू का' असं विचारायचं म्हटलं की ते कॅमेरा खाली घ्यायचे.

त्यांनी लांब लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडे धरली. कडं फिरवलं. समोरचा शहाळीवाला हळूहळू पुढे आला, आणखी पुढे आला, शेवटी इतका जवळ आला, की पानाचा चुना त्याने अंगठ्याच्या नखाने कसा काढला तेही दिसलं. त्याला याचा पत्ता नव्हता. जयतीर्थराव जागचे हललेसुद्धा नव्हते.

हंबीरराव धंदेवाईक असले तरी सच्चे होते. ते म्हणाले, "जयतीर्थण्णा, यात्रेला न्यायची ना? मग धाकटी न्या. माणूस मावतो, देऊळ मावतं, बसमधली सगळी मंडळी मावतात. ही लांबची पक्षी टिपणाऱ्यांची."

पण जयतीर्थरावांचा डोळा अजून त्या नखावर होता. त्यांनी लांबची घेतली. वर, आपली जुनी साधी लेन्सही बदल्यात देऊन टाकली. ती तरी ठेवा, असं हंबीररावांनी दोनदा सुचवून पाहिलं. पण कारखान्याच्या वाचनालयातल्या विलायती मासिकात जयतीर्थरावांनी वाचलं होतं, की आजचा प्रवासी एकच लेन्स बाळगतो. हयातभर नकाशे काढलेल्या माणसाला छापील गोष्ट फार खरी वाटते.

घरी आल्यावर त्यांनी ती पहिल्यांदा अक्काला दाखवली. कुठलीही नवी वस्तू तिला आधी दाखवायची, ही लहानपणची सवय. आई गेली तेव्हा जयतीर्थ दोन वर्षांचा होता आणि अक्का तेरा वर्षांची, त्याच वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेली. डोक्याचे केस गेले, अंगावर तांबडं लुगडं आलं, आणि काखेत हा भाऊ. तेव्हापासून ती मडीत, म्हणजे सोवळ्यात, स्वयंपाकघर सांभाळत होती. जीभ मात्र तिखट. लेन्स पाहून म्हणाली, "एवढं मोठं नळकांडं? धूर कुठून जातो यातून?"

अक्का कुठल्याच फोटोत नव्हती. घरातल्या मुंजी, बारशी, लग्नं, सगळीकडे ती दाराआड उभी राहायची आणि फोटो झाल्यावर विचारायची, "मी त्यात येत नाही ना रे?" जयतीर्थ म्हणायचा, "नाही अक्का." आणि ते खरं असायचं. एकदा धाकट्या मुलीच्या बारशाच्या फोटोत तांबड्या लुगड्याचा काठ आला होता, तर त्यांनी तो कात्रीने कापून टाकला होता. वसुमतीने एकदा कारण विचारलं, तेव्हा अक्का भाजी चिरता चिरता म्हणाली होती, "हे रूप माझं नाही ग. मला दिलेलं आहे. ते कागदावर कशाला राहायला हवं?"

त्या वर्षी बस श्रीरंगमला गेली; अक्काही बरोबर होती. पहिल्याच दिवशी फजिती झाली. गोपुरासमोर चौतीस माणसं तीन रांगांत उभी राहिली. जयतीर्थराव मागे सरले. आणखी मागे सरले. रस्ता ओलांडला, फुलवाल्याच्या टोपल्यांमध्ये उभे राहिले, तरी चौकटीत बाराच माणसं येत होती. गुंडूराव उन्हात ओरडले, "अण्णा, नदीपलीकडे त्रिचीला जाऊन काढता का? आम्ही थांबतो!" सगळी रांग खळाळून हसली. शेवटी तीन हिस्से करून तीन फोटो काढावे लागले. देवळाच्या आत तर लेन्सला भिंतीशिवाय काही दिसेना. त्या रात्री धर्मशाळेत सगळे त्यांच्याशी मुद्दाम गोड बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच घाटावर गेले. या लेन्सने एक तरी फोटो असा काढायचा, की काल हसलेल्यांची तोंडं बंद व्हावीत. हाच विचार मनात होता, हे त्यांनी पुढे स्वतःशी कबूल केलं.

कावेरी दुथडी भरून वाहत होती. वरच्या मंडपात खांबाला टेकून त्यांनी कॅमेरा धरला आणि नदीवरून फिरवत नेला. पार खाली, बायकांच्या घाटापासून जरा बाजूला, एक तांबडा ठिपका होता. त्यांनी कडं फिरवलं. ठिपका जवळ आला आणि अक्का झाली.

ती छातीभर पाण्यात होती. पदर खाली आलेला, बोडकं डोकं ओलं, उन्हात चमकणारं. आणि ती खेळत होती. दोन्ही ओंजळींनी पाणी सूर्याकडे उडवत होती, ते अंगावर पडलं की तोंड उघडून हसत होती, आणि पुन्हा उडवत होती. पंचावन्न वर्षांची अक्का. जयतीर्थरावांनी तिला आयुष्यात असं पाहिलं नव्हतं. तेरा वर्षांची असताना जिला थांबवलं होतं, ती मुलगी पाण्यात इतकी वर्षं थांबून राहिली होती जणू.

त्यांना वाटलं, हाक मारावी. मग वाटलं, हाक मारली तर ती पदर घेईल.

त्यांनी श्वास रोखला, पेन्सिलीला टोक करताना रोखायचे तसा, आणि बटण दाबलं.

फोटो घरच्या न्हाणीघरात, तांबड्या दिव्याखाली, पाण्यातून वर आला. त्यांच्या हातून झालेलं ते सर्वांत चांगलं काम होतं. थेंब हवेत थबकलेले, हसू पूर्ण उमललेलं. वसुमती तो पाहून म्हणाली, "हा पेटीत ठेवा."

त्यांनी ठेवला नाही.

यात्रेहून परतल्यावर मावंदं घालायचं; त्या वर्षी ते जयतीर्थरावांच्या घरी होतं. इकडची मंडळी त्याला समाराधना म्हणत. त्या जेवणाच्या दिवशी यात्रेचे फोटो दोरीला चिमट्यांनी लावायची पद्धत होती. जयतीर्थरावांनी मनाशी हिशेब केला: अक्का मडीत असणार, म्हणजे आतल्या चुलीपाशी. ती बाहेरच्या गर्दीत येणार नाही, कुणाचा स्पर्श होऊ देणार नाही. आणि तिचा चेहरा पाण्यामुळे कुणाला ओळखू येतोय? ज्या सोवळ्याने तिला जन्मभर आत ठेवलं, त्याच सोवळ्याचा त्यांनी त्या दिवशी आडोसा केला. तीन तुकड्यांच्या गोपुराशेजारी त्यांनी तो मोठा फोटो टांगला.

ओळखला सगळ्यांनी. म्हातारे पुढे सरकत, थबकत, आणि उगाच घसा साफ करत. गुंडूरावांची पत्नी तोंड फिरवून पुढे गेली. जयतीर्थरावांना शाबासकी हवी होती, आणि खोलीत हळूहळू थंडी पसरत होती.

मग हेमलता आली. धारवाडहून नवीनच लग्न होऊन आलेली गुंडूरावांची सून. तिला काही माहीत नव्हतं. ती फोटोपाशी उभी राहिली, तिचे डोळे भरून आले, आणि निर्मळ मनाने ती थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेली. "अक्का, तुमचा फोटो किती सुंदर आलाय. बघायला या ना."

अक्का हात पुसत बाहेर आली. माणसांनी अंग चोरून वाट दिली. ती दोरीपाशी उभी राहिली. रंगमंचावर नट वाक्य विसरला की सगळं थिएटर त्याच्यासाठी श्वास धरतं, तशी ती खोली झाली होती. मग तिने मागे न पाहताच विचारलं,

"तू कुठे होतास?"

"वर. मंडपात," जयतीर्थराव म्हणाले.

"एवढ्या लांब?"

"लेन्स लांबची आहे अक्का."

"मला हाक मारायचीस."

"तू नको म्हणाली असतीस."

"हो," अक्का म्हणाली. "नको म्हणाले असते."

आणि ती आत गेली. थोड्या वेळाने सार उकळल्याचा वास आला. पंगत वेळेवर बसली. जयतीर्थरावांनी चिमटे काढले, फोटो उतरवला. त्यांचे कान असे जळत होते, की पानावर वाढलेलं काय होतं हे त्यांना नंतर आठवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो आणि निगेटिव्ह अक्काच्या पुढ्यात ठेवलं. तिने ती दोन्ही पाणी तापवायच्या बंबाच्या जाळात घातली. मग विचारलं, "आणखी आहे का कुठे?"

"नाही."

तिने मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नीट, शोधून पाहिलं. बेचाळीस वर्षांत तिने त्यांचं उत्तर असं तपासून घेतलं नव्हतं. जयतीर्थरावांना तिथल्या तिथे फरशीत गडप व्हावंसं वाटलं.

ती त्यांच्याशी बोलायची थांबली नाही. जेवायला वाढत होती, थट्टाही करत होती. पण न्हाऊन झाल्यावर परसातल्या दगडावर डोकं उघडं टाकून उन्हात बसायची तिची रीत होती, ती मोडली. आता ती आधी शेजारच्या गच्चीकडे पाही, मग खिडक्यांकडे, मग रस्त्यापलीकडच्या नारळाच्या झाडांकडे, आणि मग पदर घट्ट ओढून दोन क्षण टेकून उठे. पूर्वी माणूस जवळ नसला की ती मोकळी असे. आता लांबचंही तिला लांब वाटेना. जयतीर्थरावांनी हे एकदा खिडकीतून पाहिलं, आणि आपण खिडकीतून पाहतो आहोत हे लक्षात येताच ते मागे सरले.

ते हंबीररावांकडे गेले. लांब लेन्स हिरव्या कापडावर ठेवली आणि धाकटी अजून आहे का विचारलं. होती. काय बिघडलं, असं हंबीररावांनी विचारलं. "माणसं मावत नाहीत," एवढंच ते म्हणाले. हंबीररावांनी, मी सांगितलं नव्हतं का, असं म्हटलं नाही. कपाट उघडून धाकटी काढून दिली.

पुढच्या दसऱ्याला बस तुंगभद्रेकाठच्या मंत्रालय क्षेत्राला निघाली. अक्का येणार नाही म्हणाली. गुडघे दुखतात म्हणाली. गुडघे गेल्या वर्षीही दुखत होते. जयतीर्थराव दोन दिवस तिच्याभोवती घुटमळत राहिले, शेवटी चुलीपासून चार हातांवर उभे राहून बोलले. कॅमेरा घेतो, पण फक्त मंडळींच्या फोटोपुरता. नदीवर नेणार नाही. "तुला पटत नसेल तर मीच येत नाही. तू जा."

अक्काने भाकरी उलटली. "तू नाहीस तर माझी पिशवी कोण उचलणार?" ती म्हणाली.

तिथल्या मठासमोर छत्तीस माणसं एका फोटोत मावली. गुंडूरावांनी टाळ्या वाजवल्या. अक्का तेव्हा बसच्या मागे उभी होती. मग मंडळी तुंगभद्रेवर निघाली. जयतीर्थरावांनी कॅमेऱ्याची पेटी गुंडूरावांच्या गळ्यात अडकवली आणि स्वतः घाटाच्या अगदी वरच्या पायरीवर, सगळ्यांना दिसेल अशा जागी, नदीकडे पाठ करून बसले. दोन्ही हात त्यांनी मागे, पाठीवर एकमेकांत धरले. रिकामे.

"अण्णा, नदीला रुसलात का?" गुंडूरावांनी विचारलं.

"ऊन लागतं डोळ्यांना," जयतीर्थराव म्हणाले.

समोर मठाची चुना दिलेली भिंत होती. ते तिच्याकडे पाहत राहिले. मागे पाण्यात बायकांचे आवाज होते, भांड्यांचे, कुणीतरी कुणाला नाव घेऊन बोलावत होतं. मग कुणीतरी पाणी उडवलं. कुणीतरी हसलं. ते हसू पोरसवदा होतं; हेमलताचं असेल, आणखी कुणाचं असेल. पुन्हा पाणी उडालं.

जयतीर्थरावांची मान आखडली होती. त्यांनी ती वळवली नाही. पाठीवर ऊन चढत गेलं, सावली पायांशी आली, ओली लुगडी वाळत पडली असतील, आणि ते भिंतीकडे पाहत बसून राहिले, मागून गुंडूराव 'चला' म्हणेपर्यंत.