उपाशी कसा पाठवू

त्या संध्याकाळी माझ्या शेजाऱ्यानं नेहमीसारखा पाळलेल्या सापासाठी फ्रीजरमधला मेलेला उंदीर कोमट पाण्यात टाकला, आणि मी समोर चहा पीत बसलो. आमचं ते शेवटचं बसणं. इथली, आखातातल्या हमरियातली, त्याची नोकरी गेली होती. दुसऱ्या दिवशी तो वसईला निघायचा होता, आणि सापाला न्यायला सकाळी ओळखीतला एक जण येणार होता.

माणूस तोंडाचा फटकळ. माझ्याशी बोलताना ओरडायचा, सापाशी बोलताना मात्र आवाज खाली. सापानं खायचं ते त्याच्याच काचेच्या पेटीत, हा त्याचा हट्ट.

"काका, वेगळ्या डब्यात घातलं तर नंतर उचलावा लागतो. खाल्ल्यावर हलवला की ओकतो. खलास."

"मग आज घालूच नको. नव्या घरी खाईल," मी म्हटलं.

तो चिमट्यात उंदीर धरून उभाच राहिला. "आपल्या घरातून उपाशी कसा पाठवू, काका?"

माझी बायको गेली तेव्हा तिच्या पोटात घास नव्हता. डॉक्टर खायला देऊ नको म्हणाले, मी ऐकलं. त्याला म्हटलं, "घाल."

सापानं खाल्लं. हा काचेला नाक लावून बघत बसला.

सकाळी डब्यात ठेवताना सापानं सगळं बाहेर टाकलं. शेजाऱ्यानं फरशी पुसली, हात धुतले, आणि डबा न्यायला आलेल्या माणसाकडे दिला.

"पोट बिघडलंय त्याचं," तो म्हणाला. "आता पंधरा दिवस काही खायला देऊ नको."